गोव्यातली महागडी रेस्टॉरंट, पाच वर्षांखालच्या मुलांसोबत

जेवण किती चांगलं हा नंतरचा प्रश्न. ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं मूल कुठे काढणार, ते आधी पाहा. या निकषावर आसगावचं गनपावडर उजवं, कारण बसायला बाग आहे. मलबार परोटा मुलं आवडीने खातात; करी मात्र तिखट. 'तिखट कमी' म्हणून फारसा उपयोग होत नाही, मसाला आधीच तयार असतो. सोबत दही किंवा साधा भात मागवा.

बेताळभाटीच्या मार्टिन्स कॉर्नरला संध्याकाळी लाइव्ह संगीत असतं. सातच्या आत पोचा आणि स्पीकरपासून लांबचं टेबल मागा, नाहीतर पेंगुळलेलं मूल दचकून रडतं. मासा घ्यायचा तर सुरमईची तुकडी: मधला काटा एका झटक्यात निघतो.

मोबोरच्या फिशरमन्स व्हार्फला साळ नदीचा देखावा सुंदर, पण रांगत्या मुलाला घेऊन काठाचं टेबल नकोच. शिवोलीचं थलासा? सूर्यास्ताची गर्दी आणि दणदणीत कार्यक्रम. तीन वर्षांखाली टाळाच.

फोनवर 'हाय चेअर आहे का' एवढंच विचारू नका, पट्टा शाबूत आहे का तेही विचारा. आणि पायऱ्या किती? जुन्या घरांतल्या रेस्टॉरंटमध्ये बाबागाडी उचलूनच न्यावी लागते.