मोकळ्या गाडीची ट्रायल, आणि माझे चौतीस हजार

कराडला माझा मंडप-जनरेटरचा धंदा आहे. एक डिझेल पिकअप आणि तिच्यामागं ६२.५ केव्हीएच्या जनरेटरची ट्रॉली, वजन दीड टनाच्या आसपास. लग्नसराईत ही जोडी सारखी पाटण-चिपळूण करत असते. ज्यांची गाडी मागं काही ओढते, त्यांनी हे जरा नीट वाचा.

मागच्या मार्चात चिपळूणचं लग्न उरकून रात्री कुंभार्ली घाट चढत होतो. एका वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबलो. परत गाडी उचलली तर सीटखालून अशी थरथर आली की डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागला. पुढं तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसला पुन्हा तेच, हुडहुडी भरल्यासारखं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गप्प. दुसऱ्या दिवशी ट्रॉली सोडून बाजारात गेलो तर गाडीला काही झालंच नव्हतं जणू.

आमचा नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला. हायवेलगत एक नवं, चकाचक गॅरेज होतं. बसायला सोफा, चहा विचारायला पोरगा. मालकानं बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "शेठ, उचलताना थरथरती म्हणजे क्लच गेला." क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, मजुरी धरून ९,८०० रुपये. संध्याकाळी मला शेजारी बसवून कोल्हापूर नाक्यापर्यंत चक्कर मारली. "बघा, आता कशी पळतीया!" पळणारच. मागं ट्रॉली कुठं होती?

दोन दिवसांनी उंब्रजच्या ऑर्डरला निघालो आणि ट्रॉलीसकट तीच हुडहुडी. वर आणखी एक नवं दुखणं: मोकळ्या गाडीतही साठच्या पुढं बारीक गुणगुण. परत त्याच दारात गेलो. आता सूर बदलला. "ही गुणगुण म्हणजे क्राऊन वाजतोय. असाच ओढला तर हौसिंगच फुटंल, घाटात अडकाल." (क्राऊन म्हणजे मागची चाकं फिरवणारं मोठं दातेरी चाक, हौसिंग म्हणजे त्याचा लोखंडी डबा.) अक्षय्य तृतीयेच्या तारखा तोंडावर होत्या, सगळ्या ऑर्डरींचा अ‍ॅडव्हान्स घेऊन बसलेलो. 'घाटात अडकाल' एवढं ऐकलं आणि माझं डोकं बंद पडलं. क्राऊन-पिनियन, बेरिंग, नवीन ऑइल, मजुरी: २४,५००. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लागंल, कशाला वाढवता?" म्हणून लेटरपॅडवर चार ओळी खरडून दिल्या. जुना क्राऊन बघायचाय म्हटलं, तर "भंगारवाला घेऊन गेला." नव्या सामानाचा रिकामा खोका तेवढा माझ्या हातात ठेवला, पुरावा म्हणून. ट्रायल पुन्हा नाक्यापर्यंतच. काटा तीसच्या वर गेलाच नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.

पुढं काय झालं ते सांगायलाच नको. ट्रॉली जोडली, हुडहुडी हजर.

शेवटी एका ट्रकवाल्या मित्रानं मलकापुरातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडं पाठवलं. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मोकळी गाडी बघून त्यांनी हातच लावला नाही. "आजारी माणूस घरी ठेवून डॉक्टरकडं आलास व्हय? ट्रॉली जोडून आण." आणली. चाचा शेजारी बसले. चढाला तिसऱ्यात चाळीस धरायला लावले, मग चौथ्यात तेवढेच चाळीस. हुडहुडी दोन्हीत सारखीच. चाचा म्हणाले, "गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात, मागच्या शाफ्टचे बदलत नाहीत. म्हणजे दुखणं गिअरबॉक्सच्या मागं. आणि क्लच असता तर पाय सोडताना थरथरला असता. पाय पूर्ण सुटल्यावर चाळीसला कशाला थरथरंल?"

मग ट्रॉली तशीच ठेवून गाडीखाली शिरले, मलाही ओढलं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा फिरता दांडा, या गाडीत दोन तुकड्यांचा असतो, मधे सेंटर बेरिंग, रबरात बसवलेलं. चाचांनी शाफ्ट हातानं वर ढकलला तर तो बोटभर उचलला गेला. रबर अर्धं फाटलेलं. मागच्या क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या वळत्या सांध्याच्या, टोपीभोवती लाल भुकटी, तिखट सांडल्यासारखी. आतल्या सुयांसारख्या बारीक दांड्या ग्रीसविना गंजल्या की ती बाहेर येते. ट्रॉलीचं वजन हुकावर पडलं की मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो, आणि ढिल्या बेरिंगमध्ये तो उड्या मारतो. मोकळ्या गाडीत कोन जागेवर, म्हणून सगळं गोड.

गुणगुणीचं कारणही तिथंच. शाफ्टच्या दोन भागांवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर जुळवून बसवायच्या. क्लचसाठी शाफ्ट उतरवला तेव्हा पहिल्या गॅरेजनं तो दाता चुकवून बसवला होता. म्हणजे गुणगुण त्यांनीच लावली आणि क्राऊन म्हणून मलाच विकली.

हौसिंगकडं वळलो तेव्हा मात्र चाचा काही बोलले नाहीत, नुसती बॅटरी धरली. नटांवर माती आणि ऑइलची जाड खपली, पान्याचा एक ओरखडा नाही. खालचा बोल्ट ढिला केल्यावर आलं ते काळंकुट्ट, जळका वास मारणारं ऑइल. हौसिंग कुणी उघडलंच नव्हतं. मी खोलायच्या आधी मोबाईलवर शूटिंग घेतलं, नशीब तेवढी अक्कल उरली होती.

सेंटर बेरिंग, दोन क्रॉस, ऑइल आणि मजुरी मिळून ३,९०० रुपये. ट्रॉली जोडूनच ट्रायल, तीही पाटण रोडला. गणपती जागचा हलला नाही.

शूटिंग घेऊन गॅरेजवर गेलो. मालक म्हणतो, "बाहेर खोललीत, आमची गॅरंटी संपली." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं बिनसहीचा लेटरपॅड. शिवाय धंद्याच्या गाडीसाठी ग्राहक आयोगात गेलं तर ती आपल्याच पोटापाण्यासाठी, आपणच चालवतो हे दाखवावं लागतं, असं ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. ते मला दाखवता आलं असतं, पण रक्कम कशी दाखवणार? चार चकरा आणि ट्रकवाल्या मित्राच्या दोन शिव्यांनंतर क्राऊनचे म्हणून दहा हजार परत मिळाले.

तो खोका अजून ऑफिसात आहे. त्यावरचा पार्ट नंबर नंतर शोरूममध्ये दाखवला, तर तो माझ्या गाडीचाच नव्हता. सध्या त्यात लायटिंगचे होल्डर ठेवलेत.