जुनी डिझेल पिकअप घ्यायचीय? आधी बीएस बघा, मग साल

जुनी पिकअप बघायला निघालं की पहिला प्रश्न सालाचा येतो: कितीची आहे, सतराची की एकोणिसची? पण एकाच सालच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन बोलेरो पिकअपमध्ये डिझेल पोचवायची पद्धत वेगळी असू शकते, सायलेन्सरच्या आतला मालही वेगळा असू शकतो. गाडीचा पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. साल हा त्या फरकाकडे बोट दाखवणारा खुणेचा आकडा आहे, आणि दोन-तीन ठिकाणी तो फसवतो.

बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. त्याच्या तारखा अशा. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, आणि १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ च्या अखेरीस बीएस-३ ची विक्री आणि नोंदणी थांबवली, त्यामुळे २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत नोंदलेली गाडी बीएस-३ असू शकते आणि मे महिन्यातली बीएस-४. २०२० मध्येही तीच गत. पुण्यापुरती आणखी एक मेख आहे. बीएस-४ देशभर येण्याआधी २०१० मध्ये १३ शहरांत लागू झालं होतं आणि त्यात पुणे व सोलापूर होतं. म्हणून एमएच-१२ ची २०१४ ची गाडी बीएस-४ निघू शकते, तर त्याच सालची बारामतीची एमएच-४२ किंवा नगरची एमएच-१६ बीएस-३. एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की उत्सर्जन मानकाची ओळ दिसते. आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि नोंदणीची तारीख यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर असेल तर कारण विचारा आणि भाव करताना उत्पादनाचा महिना धरा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पुणे शहर आणि आसपासच्या मिश्र फेऱ्यांसाठी २०१८ किंवा २०१९ ची बीएस-४ सगळ्यात सोयीची. रोज हायवेवर सलग पळणारी गाडी हवी असेल तर २०२१-२२ ची बीएस-६. बीएस-३ फक्त घरच्या शेतमालासाठी. तुलनेला बोलेरो पिकअप धरली आहे, कारण इथे सर्वाधिक पर्याय तिच्यातच मिळतात. इंजिन बहुतेक काळ तेच २५२३ सीसी, चार सिलिंडर. बदलत गेलं ते त्याच्या भोवतीचं.

बीएस-३: २०१७ च्या मार्चपर्यंत

जुन्या डीआय इंजिनात डिझेल पंप यांत्रिक असतो. सेन्सर नाहीत, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर नाही. बिघाड झाला तर पंप आणि नोझल काढून पंप-रूममध्ये नेतात, कॅलिब्रेट करून बसवतात, काम संपलं. मंचर-नारायणगावपासून सासवडपर्यंत कुठेही माणूस मिळतो. डिझेलमध्ये थोडी घाण आली तरी हे इंजिन सहन करतं.

अडचण इंजिनाची नाही, वयाची आहे. या गाड्यांनी आयुष्यभर क्षमतेच्या दीडपट कांदा, टोमॅटो, वाळू वाहिलेली असते. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, नोंदणीला ८ वर्षं होईपर्यंत दर २ वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. आणि वय वाढेल तशी फी चढते. म्हणजे दरवर्षी ब्रेक, लाइट, रिफ्लेक्टर, रंग नीट करण्याचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी बुडणार हे धरूनच चाला. कर्ज द्यायला फायनान्सवाले नाखूश असतात आणि दिलंच तर मुदत कमी. जुन्या साध्या व्हेरिएंटना पॉवर स्टीअरिंग नसायचं. माल भरून पेठांतल्या गल्लीत गाडी वळवणाऱ्या ड्रायव्हरच्या खांद्याला विचारा. तालुक्यातल्या तालुक्यात, महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आणि रोख पैशांत घेणार असाल तरच ही घ्या.

बीएस-४: २०१७ चा एप्रिल ते २०२० चा मार्च

इथे कॉमन रेल येतं. एका उच्च दाबाच्या पंपातून डिझेल रेलमध्ये, म्हणजे एका सामाईक नळीत, साठतं आणि ईसीयू प्रत्येक इंजेक्टरला (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलला) कधी, किती उघडायचं ते सांगतो. गाडी वेग पटकन घेते, धूर कमी होतो. बोलेरो पिकअपच्या या इंजिनाची ताकद ६३ एचपीच्या घरात, टॉर्क १९५ एनएम. सायलेन्सरमध्ये बीएस-६ सारखा काजळी अडवणारा फिल्टर नाही. म्हणूनच ही गाडी मार्केट यार्डातून कोथरूडला, तिथून वारज्याला अशी दिवसभर तुटक-तुटक फिरली तरी तक्रार करत नाही. आम्ही हिला वर ठेवतो ते याच एका कारणासाठी.

हिचं दुखणं म्हणजे इंजेक्टर. डिझेलमधलं पाणी आणि स्वस्तातला फिल्टर या दोन गोष्टी त्यांना मारतात. इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या असतात, पाण्याने तिथे गंज धरतो आणि डिझेल परतीच्या नळीतून जास्त जायला लागतं. मग रेलमध्ये दाब भरत नाही आणि गाडी सकाळी स्टार्टर जास्त खाते. परीक्षा सोपी आहे. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन दोन मिनिटं आयडलला ठेवायचं. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. एखादी दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला. एक गेला असेल तर बाकीचे त्याच डिझेलवर चालले आहेत हे लक्षात ठेवून चारही इंजेक्टरचा खर्च भावातून कापा.

दुसरं, ईजीआर व्हॉल्व्ह. एक्झॉस्टचा थोडा भाग परत आत घेणारा हा व्हॉल्व्ह काजळीने चिकटला की गाडी चढाला मरते आणि काळा धूर टाकते. काढून साफ करता येतो, घाबरायचं कारण नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, पाइप काढून बोट घाला: तेलाचा पातळ ओलावा चालतो, साचलेलं तेल चालत नाही. शाफ्ट बोटाने हलवल्यावर कडेच्या कवचाला टेकत असेल तर टर्बो बदलायचाच आहे.

२०१७ ऐवजी २०१८-१९ का? वयाचा फायदा उघड आहे. शिवाय १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीकडूनच आलेली असते. त्याआधीच्या गाडीला मालकाने ती बसवली का तेवढं पाहा.

बीएस-६: २०२० नंतर

ताकद वाढून ७० एचपीच्या आसपास गेली, टॉर्क २०० एनएम झाला, गाडी चालवायला हलकी झाली. सोबत डीपीएफ आला, म्हणजे काजळी पकडून ठेवणारा फिल्टर. तो भरला की ईसीयू जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट ५५०-६०० अंशांपर्यंत तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात आणि त्यासाठी गाडी एका चालीने पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. चाकण ते नाशिक किंवा पुणे ते सातारा अशा फेरीत हे ड्रायव्हरच्या नकळत होऊन जातं. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तासाला सात-आठ किलोमीटरने सरकणाऱ्या, दर दहा मिनिटांनी बंद होणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. म्हणून बीएस-६ गाडीची डिपस्टिक काढून बघाच: तेलाची पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास असेल, तर गाडीचं आयुष्य शहरात गेलंय आणि बेअरिंगना पातळ तेल मिळालंय.

आता ही तपासणी जरूर करा. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीच्या पाइपात काळी काजळी नसते. बोट काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा आतला गाभा काढून टाकलाय. डबा खालून बघा, वेल्डिंगची नवी शिवण दिसली तर उत्तर मिळालं. असं काम करून ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदललेल्या गाड्या बाजारात येतात. पीयूसीत बीएस-६ डिझेलची धुराची मर्यादा ०.७ आहे, बीएस-४ ची १.६२ आणि जुन्यांची २.४५, त्यामुळे हा खेळ पुढे तुमच्याच गळ्यात येतो. नवा डीपीएफ बसवण्याचा खर्च चार इंजेक्टरच्या खर्चासारखाच हिशेब बिघडवणारा आहे.

स्कॅनर लावून तीन आकडे विचारा: काजळीचा भार किती टक्के, शेवटचं रिजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन किती, म्हणजे ईसीयू त्याचं डिझेल किती कमी-जास्त करून सांभाळतोय. शिवाय मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, ‘नॉट रेडी’ दाखवत असतील तर आदल्या दिवशी कोणीतरी एरर कोड पुसले आहेत. तीस-चाळीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. काही मॉडेलांत युरियाची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. असेल तर झाकणाभोवती आणि नळीच्या टोकाला पांढरे स्फटिक साचलेत का ते पाहा. तेल बदलताना कमी राख सोडणारं, डीपीएफला चालणारंच तेल घातल्याची बिलं मागा.

२०२३ नंतरची दुसऱ्या टप्प्यातली गाडी, म्हणजे बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका, जुन्यात घेण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. तिची जुनी किंमत नव्याच्या ऑन-रोड किमतीपेक्षा वीस टक्क्यांनी तरी कमी नसेल तर नवीच घ्या. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर जास्त असतो आणि किमतीतला फरक त्यातच जातो.

मायलेजवरून भांडू नका

विकणारा म्हणतो तेरा देते, दुसरा म्हणतो बारा. महिन्याला २५०० किलोमीटर धरा. १२ च्या मायलेजला २०८ लिटर, १३ च्या मायलेजला १९२. फरक १६ लिटरचा, लिटरला नव्वद रुपये धरले तर साधारण १,४५० रुपये महिना. एका महिन्यात दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तर याहून जास्त भाडं बुडतं. म्हणून मायलेजपेक्षा गाडी उभी राहण्याचा धोका मोजा.

चासी, पाटे आणि हौदा

साल कुठलंही असो, इथे गाडी नापास झाली तर परत फिरा. कॅबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चासीला भेग किंवा जुनं वेल्डिंग आहे का ते टॉर्च लावून पाहा. पाट्यांची (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्यांची) दोन्ही बाजूंची संख्या मोजा. जादा पाटा टाकला असेल तर गाडीने ओव्हरलोड ओढलंय, आणि मग डिफरन्शियल, हब बेअरिंग, क्लच सगळंच संशयात घ्या. चासीचा नंबर कापडाने पुसून आरसीशी जुळवा, कोरलेल्या अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा नकोत. हौद्याचा तळ आणि फाळक्याच्या बिजागऱ्या गंजल्या असतील तर तो पत्र्याचा खर्च आहे, भावात बसवता येतो.

मीटरचं रीडिंग मालवाहू गाडीत पुरावा म्हणून धरू नका. क्लच पेडलचं रबर, स्टीअरिंगची झिजलेली कड, टायरवरचा चार आकडी कोड (२३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा) आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद यांचा मेळ लागतो का बघा.

गाडी थंड असताना स्वतः स्टार्ट करा, म्हणून सकाळी जा आणि बॉनेटला हात लावून खात्री करा. चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढा: धूर भसाभस येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग पाचशे किलो तरी माल टाकून दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट चढवा. रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊन काहीच कळत नाही. चढावर तिसऱ्या गियरला गियर उडतो का, क्लच सरकतो का, तापमानाचा काटा कुठे थांबतो ते तिथेच समजतं. उतरताना गियरमध्ये पाय सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर तेल जळतंय.

बाकीच्या गाड्या थोडक्यात

अशोक लेलँड दोस्त २०११ पासून तीन सिलिंडरच्या १४७८ सीसी कॉमन रेल इंजिनासह येते, म्हणून तिच्या बीएस-३ गाडीलाही इंजेक्टरची तपासणी लागू आहे. ‘जुनी आहे म्हणजे साधी आहे’ हा नियम तिथे चालत नाही. वजन सव्वा टनाच्या आत आणि शहरातली वाटप असेल तर ती चांगली. टाटा योद्धा २०१७ मध्ये तीन लिटरच्या इंजिनाने आली आणि बीएस-६ मध्ये २.२ लिटर, १०० एचपीची झाली. घाटात तिला तोड नाही, पण डिझेल त्या मानाने खाते. टाटाचीच इंट्रा २०१९ पासून. वळायला छोटी आणि स्टीअरिंगला हलकी, मात्र कांद्याच्या पोत्यांची चळत रचायला आम्ही ती सुचवणार नाही.

कागद

आरसीवरचं एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, १.७ टन माल नेणारी बोलेरो पिकअप त्यावर जाते, तिचं परमिट चालू आहे का बघा. पासिंगची शेवटची तारीख तीन महिन्यांत संपत असेल तर मालकालाच पासिंग करून द्यायला सांगा. २०२२ च्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा १६,०४९ रुपये अधिक जीएसटी होता, म्हणून विमा किती महिने शिल्लक आहे याला किंमत आहे. थकलेली ई-चलनं, टॅक्स आणि ब्लॅकलिस्टची नोंद वाहन पोर्टलवर पाहा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बदलीसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तोवर ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या, कारण कुठलं चलन आणि अपघात ताबा देण्याआधीचा, कुठला नंतरचा, ते त्यावरून कळतं.