पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं?

दोन वह्या डोळ्यांसमोर आणा. पहिलीत प्रकाशसंश्लेषणाचं प्रकरण टपोऱ्या अक्षरात उतरवलंय. व्याख्या लाल शाईत, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर. दुसरीतलं पान म्हणजे नुसता रफ कागद. वर प्रकरणाचं नाव आणि खाली पेन्सिलीने आठवेल तसं खरडलेलं: 'पानं सूर्यप्रकाश घेतात, पाणी मुळांतून वर येतं, मग...' त्या 'मग'च्या पुढे दोन ओळी कोऱ्या. नंतर कधीतरी निळ्या पेनाने त्या भरल्यात आणि 'हरितद्रव्य' या शब्दाभोवती दोनदा गोल केलाय.

कुणाचा अभ्यास जास्त झालाय, असं विचारलं तर घरातली मोठी माणसं पहिल्या वहीवर बोट ठेवतील. शिकवायला लागल्यावर कितीतरी दिवस मीसुद्धा तशाच वह्यांना शाबासकी द्यायचे. आता मात्र दुसरी वही दिसली की मला बरं वाटतं. असं का, आणि ते कुठे लागू पडत नाही, हे या आढाव्यात सांगते. अभ्यासाला वेळ मोजकाच मिळतो. तो कशावर घालवायचा, हे विद्यार्थ्याला ठरवायचंय, त्याच्या मागे लागणाऱ्या पालकांना आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकालाही.

वाचन आणि आठवण

या जोडीवर सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं बरंचसं हिच्यातूनच निघतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रांत तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकले. आणि आपल्याला पुढे सगळं आठवेल याची जास्त खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना.

घोळ या खात्रीतच आहे. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, डोळे सरसर पळतात आणि मनाला वाटतं, आलं हे. पण पान ओळखणं निराळं आणि कोऱ्या कागदावर उतरवणं निराळं. लग्नात समोर आलेला चेहरा ओळखीचा असतो आणि नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसंच हे. एकदा मी सकाळी दोनदा वाचलेली सिद्धता फळ्यावर मांडायला गेले आणि तिसऱ्या पायरीला हातातला खडू थांबला. पुस्तकातली आकृती कुठल्या कोपऱ्यात आहे तेवढं आठवत होतं. पायरी आठवेना.

पुस्तक मिटून आठवण्याचे तोटेही आहेत. एक तर ते अंगावर येतं. पहिल्या दिवशी पान जवळजवळ कोरं राहतं आणि मूल म्हणतं, मला काहीच येत नाही. दुसरं, तपासून पाहिलं नाही तर चुकीचंच पक्कं बसतं. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जे मुळात कळलेलंच नाही ते आठवणार काय? कळण्यासाठी आधी वाचायला लागतं, विचारायला लागतं, कधी तोच परिच्छेद सावकाश पुन्हा वाचावा लागतो. माझा आक्षेप त्या वाचनाला नाहीच. कळल्यानंतरही जे चौथं-पाचवं वाचन चालू राहतं, त्याला आहे.

करायचं कसं? वीस-पंचवीस मिनिटं वाचन, मग पुस्तक बंद, पाच-सात मिनिटं लेखन, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगात भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे पुढच्या वेळची यादी. लिहायचा कंटाळा असेल तर भिंतीशी बोललं तरी चालतं, फक्त मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात आपण फार पटकन 'हो, येतं' म्हणून पुढे सरकतो.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. दोनच पद्धतींना वरचा दर्जा मिळाला: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं. हायलायटर आणि पुन्हा वाचन तळाला गेले. सारांश लिहिणंही खालीच आलं, पण त्यात एक मेख आहे. सारांश चांगला करता आला तर त्याचा उपयोग होतो. बहुतेकांना तो कसा करायचा हेच कुणी शिकवलेलं नसतं, मग सारांशाच्या नावाखाली अर्धं पान जसंच्या तसं उतरतं.

एका बैठकीत की तुकड्यांनी

इथे रात्रभर जागणाऱ्यांची बाजूही मांडते. परीक्षा उद्या सकाळी असेल तर आजची घोकंपट्टी उपयोगी पडते, खोटं कशाला बोला. पेपर निघतो. पुढच्या सत्रात तोच धडा पाया म्हणून लागतो तेव्हा मात्र हाताशी काहीच उरलेलं नसतं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच हे स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करायचा आणि त्या किती विसरतो ते मोजायचा. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो आणि पुढे वेग मंदावतो, हे त्याने आकड्यांत मांडलं. म्हणजे पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात.

किती अंतर ठेवायचं याचं उत्तर परीक्षा किती लांब आहे त्यावर आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून जास्त लोकांवर हे तपासलं. त्यांचे निष्कर्ष ढोबळमानाने सांगायचे तर, चाचणी आठवड्यावर असेल तर दोन बैठकींत एक-दोन दिवस, महिन्यावर असेल तर आठवडा-दीड आठवडा, वर्षभर लक्षात ठेवायचं असेल तर तीनेक आठवडे. गंमत अशी की यासाठी जास्तीचा वेळ लागत नाही. रविवारचे सलग तीन तास एक-एक तास करून तीन दिवसांत वाटले, इतकंच.

तोटा म्हणाल तर वेळापत्रक सांभाळायला लागतं, आणि मधल्या दिवसांत थोडं विसरल्यामुळे प्रत्येक बैठकीची सुरुवात अडखळत होते. ते अडखळणंच कामाचं असतं, पण हे चौदा वर्षांच्या मुलाला पटवणं माझ्या तरी हातचं नाही. त्याला चार खोकी आणि कार्डं द्यावीत. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्या. पुढची खोकी कमी वेळा उघडायची. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. भाषेतले शब्द, सनावळ्या, सूत्रं यांसाठी उत्तम. निबंधासाठी निरुपयोगी.

एकाच प्रकारची दहा गणितं की सरमिसळ

उदाहरणसंग्रहाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं 'पायथागोरसचं प्रमेय'. मूल पहिलं गणित वाचतं, दोन संख्या उचलतं, वर्ग करतं, बेरीज करतं, वर्गमूळ काढतं. दुसऱ्यातही तेच. सहाव्या गणितात कर्ण दिलेला असतो आणि बाजू काढायची असते, तरी बेरीजच. सातव्यापर्यंत तर गणित वाचणंही बंद झालेलं असतं, नुसत्या संख्या शोधणं चाललेलं असतं. वही मात्र भरते.

आता त्याच पानावर एक पायथागोरसचं, एक समरूप त्रिकोणांचं, एक क्षेत्रफळाचं, पुन्हा एक पायथागोरसचं अशी गणितं द्या. आता 'इथे काय लावायचं' हा प्रश्न मुलालाच सोडवावा लागतो, आणि परीक्षेत तोच प्रश्न सर्वांत अवघड असतो. शीर्षकाने आधीच उत्तर फोडलं तर त्याचा सराव होणार कधी?

डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची गणितं होती. सरावाच्या वेळी एकेका प्रकाराचा गठ्ठा करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत गठ्ठेवाले २० टक्क्यांवर, सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर. सरावाच्या दिवशी वहीत दिसणाऱ्या बरोबरच्या खुणांवर किती विसंबायचं, ते यावरून ठरवा.

तरीही पहिल्याच दिवशी सरमिसळ करू नका. नवा प्रकार शिकताना सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट पाहण्याचा फायदा जास्त असतो, हे जॉन स्वेलर यांच्या कामातून दिसलंय. नवशिक्याचं डोकं एका वेळी थोडंच पेलतं. माझा क्रम असा: दोन सोडवलेली उदाहरणं, तशीच तीन हाताने, आणि त्यानंतर जे काही येईल ते मागच्या प्रकरणांत मिसळून.

वर्गात: ऐकवणं की करून घेणं

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, महाविद्यालयीन विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांचा. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. विद्यार्थ्यांना मध्ये मध्ये प्रश्न सोडवायला, आपसात बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के.

मग शिक्षक व्याख्यान सोडत का नाहीत? एक कारण विद्यार्थीच. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात करून शिकलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं. पुन्हा वाचनाने होते तीच फसवणूक इथेही होते.

पण गटकार्य हा काही मंत्र नव्हे. चार टेबलं जोडली की एक मूल सोडवतं, दुसरं उतरवतं आणि उरलेली दोघं खिडकीतून बाहेर बघतात, असं मी माझ्याच तासाला पाहिलंय. नवा विषय उघडताना पंधरा मिनिटं एकट्या शिक्षकाने नीट सांगणं मला अजूनही जास्त पसंत आहे. पुढची वीस मात्र मुलांची.

प्रश्न विचारण्याच्याही दोन तऱ्हा. हात वर करणाऱ्याला विचारलं तर तास छान पळतो आणि तीच पाच मुलं उत्तरं देतात. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरलं तर दोन मिनिटं जातात, पण वर्गात नेमकं काय चुकतंय ते एका नजरेत कळतं. माझं मत पाटीला.

आणि प्रश्नानंतर थांबा. मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. उभं राहून बघा. दुसऱ्या सेकंदालाच उत्तर आपल्या तोंडून निसटायला लागतं.

तपासलेल्या वहीत गुण द्यावेत की शेरा? रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. गुणांसोबत शेरा मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा लाभ झाला नाही, कारण आकडा दिसला की बाकी कुणी वाचत नाही. गुण द्यावेच लागत असतील तर शेरा आज द्या, आकडा दोन दिवसांनी.

ज्यावर फार भांडू नये

हाताने टिपणं की लॅपटॉपवर? २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात हाताने लिहिणारे सरस ठरले. २०१९ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केल्यावर फरक स्पष्ट दिसला नाही. टंकलेखनात शब्दन् शब्द उतरवण्याचा मोह होतो, तेवढा आवरला तर दोन्ही चालेल. 'मी बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' हे वर्गीकरणही सोडून द्या. त्याप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या आढाव्यात निघालं. नकाशा बघूनच शिकायचा असतो आणि कविता ऐकावीच लागते, शिकणारा कुणीही असो.

तर मग निवडा

परीक्षा उद्या असेल तर पद्धत बदलू नका, सराव प्रश्नपत्रिका घ्या आणि वेळेवर झोपा. महिना हातात असेल तर कोरं पान आणि तारखा, या दोनच गोष्टी धरा. गणितात सरमिसळ जोडा. शिक्षकांनी एकच बदल करायचा ठरवला तर तासाची शेवटची पाच मिनिटं मोकळी ठेवावीत: वह्या बंद, आज काय झालं ते लिहा, आणि त्यातला एक प्रश्न मागच्या आठवड्याचा.

पहिले पंधरा दिवस तक्रारी येतील. पालकांना वही घाणेरडी दिसेल, मुलाला पूर्वीपेक्षा कमी येतंय असं वाटेल, एखादी छोटी चाचणी खरोखरच खाली जाईल. त्यावर मी एवढंच करते: पहिल्या दिवशीच्या त्या चार ओळींच्या पानावर तारीख घालून ठेवते. तीन आठवड्यांनी त्याच प्रकरणासाठी नवं कोरं पान देते, आणि लिहून झालं की दोन्ही पानं मुलाच्या हातात ठेवते.