ब्लेंडरमध्ये माथेरानचं वाफेचं इंजिन, सात महिन्यांचा अनुभव

फुकट मिळतं म्हणून ब्लेंडर, म्हणजे कंप्युटरवर थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, घेतलं होतं, पण सात महिने रोज वापरल्यावर सांगतो, पैसे मोजावे लागले तरी हेच घेईन.

करतोय ते इंजिन म्हणजे नेरळ-माथेरान लाइनचं, १९०७ ला लाइन सुरू झाली त्या काळातलं, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलचं ०-६-० टँक इंजिन, म्हणजे सहा चाकं, सगळी वाफेनं फिरणारी, आणि पाण्याची टाकी इंजिनावरच. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिमी, चढ १:२० पर्यंत आणि वळणं इतकी आवळलेली की साधे तीन ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्यांचे आस, त्यात अडकूनच बसले असते, म्हणून पुढचा आणि मागचा ॲक्सल क्लीन-लिंडनर पद्धतीचा. आतला दांडा फ्रेममध्ये सरळ राहतो, चाकं फिरवणारा क्रँक त्यालाच, आणि त्याच्यावरून पोकळ ॲक्सल घातलेला, मधे गोळ्यावर टेकलेला, चाकं त्या पोकळ ॲक्सलवर, त्यामुळे वळणात चाकं तिरकी होतात पण चाकांना जोडणारे दांडे, साइडरॉड, सरळच चालतात. वाचून समजलं असं वाटलं होतं, खरं समजलं ते आतला आणि बाहेरचा ॲक्सल दोन वेगळ्या एम्प्टींना (ब्लेंडरमधले नुसते धरायचे बिंदू) पॅरेंट करून, म्हणजे त्यांच्याबरोबर हलतील असे जोडून, इंजिन वळणाच्या रेषेवर सोडलं तेव्हा. रात्रीचा दीड वाजला होता, दहा वेळा तेच बघत बसलो, काय डोकं लावलंय त्या माणसांनी!

रिव्हेट करताना साधी कॉपी नका करू, ऑल्ट डी दाबून लिंक्ड कॉपी करा. नेरळला उभं केलेलं इंजिन जवळून बघितलं तेव्हा कळलं की माझे रिव्हेट जाड झालेत, एक बारीक केला, सगळे बारीक झाले.

एका बाजूचं आरशासारखं दुसऱ्या बाजूला उमटवणारा मिरर मॉडिफायर मात्र जपून. बॉयलर, टाकी, कॅबला झकास, पण क्रँकला लावलात तर दोन्ही बाजूंचे क्रँक एकदमच डेड सेंटरला येतात, म्हणजे जिथे दट्ट्याच्या जोरानं चाक फिरत नाही त्या जागी. खऱ्या इंजिनात ते एकमेकांपासून ९० अंशांवर असतात, म्हणून तर इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी परत निघू शकतं. मी महिनाभर चुकीचंच फिरवत होतो.

एक गोष्ट खटकते, माप नंतर बदलणं जड जातं. बॉयलरचा व्यास जरा वाढवला की डोम, चिमणी, पट्टे सगळं हातानं परत बसवा, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या कॅड सॉफ्टवेअरसारखं एक आकडा बदलून भागत नाही. त्यामुळे मापं आधी पक्की करा, मगच रिव्हेटला हात लावा.

आता ब्रेकचे दांडे राहिलेत, फ्रेमच्या खालून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर फार उपयोग होईल.