ऑटोडॉक व्हिना: रेणूची जागा चांगली शोधते, त्याची ताकद मात्र ढोबळमानाने सांगते

महाराष्ट्रातील फार्मसी महाविद्यालयांत एम.फार्म.चा प्रबंध करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘डॉकिंग’, म्हणजे औषधी रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावर घेतलेला अंदाज, हा शब्द नवा नाही, आणि डॉकिंग म्हटले की बहुतेकदा समोर येते ते ऑटोडॉक व्हिना हे सॉफ्टवेअर. कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स संशोधन संस्थेत ओलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांनी ते तयार केले आणि त्यावरील शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. अपाची या मुक्तस्रोत परवान्याखाली ते पूर्णपणे मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. व्यावसायिक सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना ज्या महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात बसत नाही, तिथल्या विद्यार्थ्याला खऱ्या संशोधनाची साधने यामुळे हाताळता येतात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरीही हे सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने सर्रास वापरले जाते ती मला मान्य नाही, म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप.

एखादा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल, हा व्हिनापुढचा प्रश्न. रेणूचे स्थान, त्याची दिशा आणि त्यातील प्रत्येक फिरणाऱ्या बंधाचा कोन असे सगळे मिळून इतके पर्याय होतात की ते एकेक करून तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. म्हणून व्हिना रेणूच्या स्थितीत यादृच्छिक बदल करते, बदललेली स्थिती जवळच्या कमी ऊर्जेच्या बिंदूपर्यंत घरंगळू देते, आणि नवी स्थिती आधीच्यापेक्षा वाईट असली तरी ती ठरावीक संभाव्यतेने स्वीकारते. स्वीकारण्याचा हा नियम लॉस अलामॉस येथे १९५३ साली मांडला गेलेला मेट्रोपोलिस निकष होय. वाईट स्थिती कधीच न स्वीकारणारा शोध पहिल्याच खळग्यात अडकून बसतो. अधूनमधून चढ चढण्याची मुभा असल्यामुळेच त्याला पलीकडची खोल दरी सापडू शकते. या कामात व्हिना खरोखरच तरबेज आहे. मूळ शोधनिबंधात प्रथिन आणि रेणू यांच्या १९० ज्ञात जोड्यांपैकी ७८ टक्क्यांमध्ये तिने रेणूची स्थिती २ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत अचूक दाखवली होती. तिच्या आधीच्या ऑटोडॉक ४ ला हे ४९ टक्के साधले होते, आणि तेही कितीतरी जास्त वेळ घेऊन. अर्थात, या चाचणीत प्रथिनाचा आकार त्या त्या रेणूला साजेसा आधीच होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

शोध यादृच्छिक असल्याचा प्रत्यय वापरताना लगेच येतो. आज्ञा दिल्यावर पडद्यावर रँडम सीडचा, म्हणजे यादृच्छिक बदलांची सुरुवात ठरवणारा, आकडा उमटतो आणि शेवटी नऊ स्थितींचा तक्ता येतो, ज्यात प्रत्येकीची ऊर्जा आणि पहिल्या स्थितीपासूनचे तिचे अंतर दिलेले असते. सीड आपण ठरवून दिला नाही तर प्रत्येक वेळी तो बदलतो आणि त्यासोबत तक्ताही थोडाफार बदलू शकतो. एक्झॉस्टिव्हनेस, म्हणजे किती स्वतंत्र शोध घ्यायचे, याचे मूळ मूल्य ८ असते. मात्र अधिकृत माहितीपुस्तिकेतच रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हा रेणू एबल कायनेज या प्रथिनामध्ये बसवून दाखवताना ते ३२ ठेवले आहे, कारण त्यामुळे निकाल अधिक स्थिर मिळतो. इमॅटिनिबसारखा लांबट, अनेक बंधांनी वळणारा रेणू असेल तर एकदाच चालवलेल्या शोधावर विसंबणे चुकीचे आहे. वेगवेगळ्या सीडने शोध पुन्हा घ्यावा आणि तीच स्थिती वरच्या क्रमांकावर राहते का, हे पाहावे.

सर्वांत मोठी गफलत ऊर्जेच्या आकड्याबाबत होते. व्हिना हा आकडा किलोकॅलरी प्रति मोलमध्ये एका दशांश स्थळापर्यंत किंवा त्याहून बारीक देते, तो जितका अधिक उणे तितका रेणू घट्ट बसतो असे मानतात, आणि तो वाचून उणे ८.९ चा रेणू उणे ८.५ च्या रेणूपेक्षा सरस ठरवला जातो. प्रत्यक्षात निर्मात्यांनीच आपल्या अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी असल्याचे नोंदवले आहे. सामान्य तापमानाला १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनाच्या ताकदीत दहापट फरक, हे लक्षात घेतले तर एवढ्या त्रुटीचा अर्थ शंभरपटीहून अधिक फरक असा होतो. मग ०.४ च्या फरकावरून लावलेल्या क्रमाला काय आधार उरतो? हा आकडा रेणू औषध ठरण्याची संभाव्यताही नव्हे. हजारो रेणूंतून प्रयोगासाठी काही निवडायला तो उपयोगी पडतो, तेवढेच त्याचे काम.

२०२० च्या टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद असताना करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर (प्रथिने कापणाऱ्या विकरावर), ‘६एलयू७’ या संरचनेवर, हळद, तुळस, गुळवेल यांतील रेणू बसवून पाहणाऱ्या लेखांचा पूर आला. त्या संरचनेत आधीपासून असलेला एन३ हा रेणू प्रथिनातील १४५ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या पक्क्या रासायनिक बंधाने, जोडलेला आहे, आणि व्हिनाचे नेहमीचे डॉकिंग असा बंध तयारच करू शकत नाही. तरीही एन३ च्या ऊर्जेच्या आकड्याशी आपल्या रेणूच्या आकड्याची तुलना करून निष्कर्ष काढले गेले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, पण एवढे कष्ट घेणाऱ्या मुलांना हे कोणी वेळेवर सांगितले नाही याचे वाईट वाटते.

तयारीच्या टप्प्यावर थोडी चिकाटी लागते. प्रथिन आणि रेणू दोन्ही पीडीबीक्यूटी या फाइलच्या स्वरूपात आणावे लागतात. रेणूसाठी आता मीको हे पायथनमधील साधन सोयीचे आहे. ऊर्जेचा आकडा काढण्याची व्हिनाची स्वतःची पद्धत अणूंचे विद्युतभार विचारातच घेत नाही, त्यामुळे त्या मोजणीत तासन्‌तास घालवू नयेत. मात्र हायड्रोजन नीट जोडावेत, कारण त्यांच्यावरूनच कोणता अणू हायड्रोजन बंध देऊ शकतो हे ठरते. २०२१ च्या १.२ आवृत्तीपासून पायथनमधून थेट वापर आणि एकापेक्षा अधिक रेणू एकत्र बसवण्याची सोय झाली आहे, म्हणून जुन्या १.१.२ वर अडून राहण्याचे कारण नाही.

माझी शिफारस स्पष्ट आहे: व्हिना जरूर वापरा, पण आधी आपल्याच प्रथिनावर तिची परीक्षा घ्या. ज्यांची परिणामकारकता प्रयोगाने सिद्ध आहे असे काही रेणू आणि वजनासारख्या भौतिक गुणधर्मांत त्यांच्याशी मिळतेजुळते, पण रचनेने वेगळे आणि निष्क्रिय मानलेले अनेक रेणू एकत्र मिसळून चालवा; डीयूडी-ई या मोफत संग्रहात १०२ प्रथिनांसाठी अशी तयार यादी मिळते. परिणामकारक रेणू वर आले नाहीत, तर त्या प्रथिनासाठी नव्या रेणूंची यादी लावायला घेऊ नका. आणि प्रबंधात आवृत्ती, सीड, एक्झॉस्टिव्हनेस व शोधपेटीचे (प्रथिनाच्या ज्या भागात शोध घेतला त्या चौकटीचे) केंद्र आणि मापे लिहायला विसरू नका, म्हणजे दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तुमचे काम जसेच्या तसे पुन्हा करून पाहता येईल.