भय शब्दांतले आणि भय चित्रांतले

या पावसाळ्यात मी ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी आणि जुंजी इतो यांची ‘उझुमाकी’ ही जपानी चित्रकथा लागोपाठ वाचली.

‘ड्रॅक्युला’ रोजनिशी, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून उलगडते. त्यामुळे प्रत्येक पात्राला सत्याचा एखादाच तुकडा ठाऊक असतो आणि ते तुकडे जुळवणाऱ्या वाचकाला संकट पात्रांच्या आधी दिसू लागते. किल्ल्याच्या भिंतीवरून डोके खाली करून सरपटत उतरणारा रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला मी स्वतःच्या मनात रंगवला, म्हणूनच तो पुसला जात नाही. त्याचा पाठलाग करणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगची भाषणे मात्र रेंगाळतात.

‘उझुमाकी’त एक गाव सर्पिल आकाराने झपाटले जाते. येथे कल्पनेला काम कमी उरते, परंतु पान उलटण्याच्या क्षणावर इतोंची विलक्षण हुकमत आहे: शांत, लहान चौकटींनंतर पानभर पसरलेले चित्र एकदम अंगावर येते. केवळ पावसाच्या दिवशीच शाळेत येणारा मुलगा हळूहळू गोगलगाय होतो, ते प्रकरण मी सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात, ओल आलेल्या भिंतीशेजारी बसून वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. कादंबरी मी पुन्हा वाचेन. ते प्रकरण पुन्हा उघडण्याचे धैर्य अजून होत नाही.