एकच शैली की दोन? हौशी खेळाडूने ठरवताना

एक-दोन वर्षं कराटे किंवा ज्युदो केलं की मनात दुसऱ्या शैलीचे वेध लागतात. मग सल्ले सुरू होतात. एकजण म्हणतो, एक ना धड भाराभर चिंध्या होतील, आहे तेच नीट कर. दुसरा म्हणतो, नुसतं उभ्याने लढायला शिकलास, उद्या कुणी खाली पाडलं तर काय करशील? दोघांचंही खरं आहे, त्यामुळे निर्णय तसाच लटकत राहतो. माझ्या मते तो दोनच गोष्टींवर ठरतो: आठवड्याला सरावाचे किती दिवस मिळतात, आणि कोणत्या दोन शैली एकत्र करताय. यातली दुसरी गोष्ट लोक बहुतेक चुकीची धरतात. सारखी वाटते ती शैली सोपी जाईल, असा समज असतो. अनुभव नेमका उलटा येतो.

मी सहा वर्षं कराटे केल्यावर बॉक्सिंगला गेलो. दोन्हीकडे ठोसेच, पटकन जमेल असं वाटलं होतं. कराटेत एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा मूठ वळून कमरेशी ओढला जातो. याला हिकिते म्हणतात. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना हजारो वेळा घोटलेली ही हालचाल. बॉक्सिंगमध्ये मी उजव्या हाताने सरळ ठोसा मारायचो आणि डावा हात आपोआप कमरेकडे निघायचा. समोरच्याचा उजवा हात थेट माझ्या डाव्या गालावर. कोच रिंगच्या कडेने ओरडायचे, "फोन कानाला!" म्हणजे फोन धरावा तसा हात गालाशी ठेव. मन लावून केलं की हात वर राहायचा, दमलो की परत खाली. ही सवय मोडायला जवळपास वर्ष गेलं. पुढे ज्युदो सुरू केलं, तेव्हा असा गोंधळ एकदाही झाला नाही. कॉलर आणि बाही हातात आली की शरीराला कळतं, हा खेळ वेगळा आहे. तिथे जुन्या सवयी मधे येत नाहीत, कारण त्यांना जागाच नसते.

जवळच्या जोड्या, म्हणजे अवघड जोड्या

कराटे आणि तायक्वांदो ही जोडी बाहेरून जुळी वाटते. ऑलिम्पिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या तायक्वांदोत डोक्यावर ठोसा चालत नाही आणि कमरेखाली लाथ चालत नाही. त्यामुळे हात खाली सोडून, बाजूने उभं राहून पायांवर खेळणं तिथे शहाणपणाचं ठरतं. तीच ठेवण घेऊन तोंडावर ठोसे चालणाऱ्या कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, उतरलात की मार बसणार. लाथेचंही तसंच. गोल किक दोन्हीकडे आहे, मुए थाई या थायलंडच्या शैलीतही आहे, पण तायक्वांदोत ती पायाच्या वरच्या भागाने चटकन मारून परत घेतात, तर मुए थाईत कंबर पूर्ण फिरवून नडगीने आरपार मारतात. नाव एक, घोटायच्या हालचाली दोन. आठवड्यात दोन्ही घोटल्या तर एकही पक्की होत नाही.

बॉक्सिंग आणि मुए थाई ही जोडी सगळीकडे दिसते. इथे कोणती आधी हे महत्त्वाचं आहे. मुए थाईचा पाया असेल तर आठवड्यातून एक दिवस बॉक्सिंग केल्याने हात खूप सुधारतात. उलट क्रमाने त्रास होतो. बॉक्सर पुढच्या पायावर वजन टाकतो आणि ठोसा चुकवायला कमरेतून खाली वाकतो. मुए थाईत त्या पुढच्या पायावर लो किक बसते आणि खाली वाकलेल्या डोक्याला गुडघा भेटतो.

ज्युदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू (मुख्यतः जमिनीवर पकडून लढण्याची शैली) यांच्यावर जरा जास्त लिहितो, कारण ही जोडी निवडणारे पुष्कळ आहेत आणि मला स्वतःला ती आवडते. दोन्ही एकाच घरातल्या. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथेच तयार झालेले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि त्यांच्याकडून ही विद्या तिथल्या ग्रेसी घराण्यात गेली. पुढे नियम वेगळे झाले आणि नियमांनी सवयी वेगळ्या केल्या. ज्युदोत पाठीवर दाबून 20 सेकंद धरलं की सामना संपतो. म्हणून खाली पडलेला ज्युदोका घाईने पोटावर वळतो आणि पंच थांबवण्याची वाट बघतो. जिउ-जित्सूत थांबवणारं कुणी नाही. पोटावर वळलात म्हणजे पाठ दिलीत, आणि पाठ दिली की गळ्याभोवती हात आलाच. दुसरीकडे, ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पाय पकडण्यावर 2010 मध्ये निर्बंध आले आणि 2013 पासून ते पूर्ण बंद झालं. म्हणून ज्युदोका ताठ उभा राहतो. जिउ-जित्सूत पाय पकडायला पूर्ण मुभा आहे, तिथे तो ताठपणा महागात पडतो.

इतकं असूनही ही जोडी करावी असं मी म्हणतो. जिउ-जित्सूच्या अनेक वर्गांत सराव बसूनच सुरू होतो आणि समोरच्याला पाडायचं कसं हे कच्चं राहतं. ती उणीव ज्युदो भरून काढतो. अट एकच: बोटं सांभाळा. दोन्हीकडे जाड कापड मुठीत धरून ओढायचं असतं. आठवड्याला चार दिवस दोन्ही शैली गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, घालून केल्यात तर सकाळी मूठ वळताना सांधे दुखायला लागतात. बोटांना टेप गुंडाळून काम भागतं, पण थोडेच दिवस. त्यापेक्षा जिउ-जित्सूचा एक दिवस गीशिवाय करा.

कुस्ती आणि जिउ-जित्सू यांचंही चांगलं जमतं. मात्र दुहेरी पट काढताना, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडताना, डोकं बाहेरच्या बाजूला आणि मान सैल ठेवायची सवय असेल, तर पहिल्याच महिन्यात गिलोटिन चोकची, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळण्याच्या डावाची, ओळख होईल.

लांबच्या जोड्या

बॉक्सिंग आणि ज्युदो, मुए थाई आणि जिउ-जित्सू, कराटे आणि कुस्ती. एक मारण्याची, एक पकडण्याची. हौशी माणसाने दोन शैली करायच्याच असतील तर मी यातली जोडी घ्यायला सांगेन. अंतर वेगळं, पकड वेगळी, कपडेसुद्धा वेगळे. एकीचं शिकलेलं दुसरीत घुसत नाही, आणि दम, तोल, समोरच्याच्या हालचालीचा अंदाज हे दोन्हीकडे कामी येतं.

या जोडीची कमतरताही आहे. ठोशांच्या अंतरावरून पकडीच्या अंतरावर जायचं कसं, हे दोन्हीपैकी एकही वर्ग शिकवत नाही. बॉक्सिंगमध्ये पकड झाली की रेफरी सोडवतो. ज्युदोत समोरून ठोसा येतच नाही. मधला सांधा तसाच उघडा राहतो.

तो सांधा शिकवतात एमएमएच्या, म्हणजे मारणं आणि पकडणं दोन्ही चालणाऱ्या मिश्र लढतीच्या, वर्गात. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये यूएफसी ही अशा लढतींची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा एकेका शैलीचे खेळाडू एकमेकांसमोर उभे होते आणि जिउ-जित्सूचा रॉइस ग्रेसी जिंकला. त्यानंतर सगळ्यांनाच सगळं थोडंथोडं शिकावं लागलं आणि त्या मिश्रणाचा स्वतंत्र खेळ झाला. लढत संपूर्ण समजून घ्यायची असेल तर हा वर्ग खरंच सुंदर आहे. पण एका तासात थोडे ठोसे, थोडे टेकडाउन (खाली पाडण्याचे डाव), थोडं जमिनीवरचं असं होतं, आणि आठवड्याला दोनच तास देणाऱ्या माणसाचं प्रत्येक अंग पातळ राहतं. एखाद्या शैलीचा पाया असलेल्याला याच वर्गातून कितीतरी जास्त मिळतं. शैली एकत्र करणारे थोर लोकही आधी एका ठिकाणी खोल गेले होते. कानो यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या दोन परंपरा शिकून ज्युदो घडवला. वादो-र्यू कराटेचे संस्थापक हिरोनोरी ओत्सुका कराटेकडे आले तेच मुळी जुजुत्सूत मुरून.

दिवसांचा हिशोब

आठवड्यात दोनच दिवस मिळत असतील तर एकच शैली करा. यात मला अजिबात शंका नाही. एक-एक दिवस वाटला तर प्रत्येक वर्गात मागचं आठवण्यातच वेळ जातो. तीन दिवस असतील तर दोन मुख्य शैलीला, एक दुसरीला. चार किंवा जास्त असतील तर दोन-दोन जमतं, पण झोप आणि सांधे साथ देतात का, हे दोन महिने बघा. बेल्टची परीक्षा जवळ आली की दुसरी शैली पाच-सहा आठवडे बाजूला ठेवायला कचरू नका.

दुसरी कधी सुरू करावी, याची एक खूण सांगतो. स्पॅरिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, शेवटच्या मिनिटाला, धाप लागलेली असताना, मारलेला हात न सांगता जागेवर परत येतो का? ज्युदोत असाल तर अचानक फेकलं गेल्यावर हनुवटी आपोआप छातीकडे जाते का? येत असेल, जात असेल, तर पहिली शैली अंगवळणी पडली. पट्ट्याच्या रंगापेक्षा मी या खुणेवर जास्त विश्वास ठेवतो.

दोन्हीकडच्या शिक्षकांना सांगून टाका. लपवलं तर ते तुमच्या चुका आळस समजतात, सांगितलं तर कोणती सवय कुठून आली हे त्यांना लगेच दिसतं. डोक्याला मार लागून गरगरलं किंवा डोकं दुखत राहिलं, तर दुसरा वर्गही बंद. ज्युदोचं पडणंसुद्धा डोक्याला हादरा देतं, त्यामुळे डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मॅटवर जायचं नाही. आणि एकाच दिवशी दोन वर्ग करायची वेळ आलीच, तर ठोशांचा आधी घ्या, पकडीचा नंतर. उलट करून पाहिलंय मी. तासभर कॉलर धरून ओढल्यावर हात गालाशी टिकत नाहीत.